जाळीपलीकडची टाळी

१४ मार्च, दुकानातून

प्रिय आपा,

सलाम. ‘आम्ही सगळे मजेत’ असं लिहायला हात आपोआप वळला होता, पण ते खोटं ठरेल. तुझ्या हॉस्पिटलात अजून माणसं कमीच आहेत का? वेळेवर जेवत जा. इथे दुरुस्तीच्या शिलाई मशिनींचा ढीग पडलाय आणि मी सकाळपासून एकाच मशिनीशी झटापट करतोय.

फोनवर तू विचारलंस, “अब्बा गेले कसे?” मी म्हणालो, “सजद्यात गेले, कपाळ जमिनीला टेकलेलं असताना. नशीबवान माणूस.” सगळे तेच म्हणतायत. मशीद समितीच्या अध्यक्षांनी तर माझ्या पाठीवर थाप मारली, “असं मरण मागून मिळत नाही, पोरा!” मी मान डोलावली. आपा, माझं डोकं अजून सुन्न आहे. आता खरं सांगतो.

असरची, उतरत्या दुपारची नमाज होती, चार रकातींची, म्हणजे चार फेऱ्यांची. गुडघे गेल्यापासून अब्बांनी पुढे उभं राहून नमाज पढवायची इमामत माझ्याकडे दिली होती. ते शेवटच्या रांगेच्या टोकाला, बायकांच्या जागेपुढच्या जाळीला लागून उभे राहायचे. जाळीमागे त्या दिवशी एकटी अम्मी होती. तिसरी रकात संपवून मी चौथीसाठी उभा राहिलो आणि मागून टाळी आली.

इमाम चुकला तर पुरुषांनी ‘सुब्हानल्लाह’ म्हणायचं आणि बाईनं टाळी वाजवायची, हे तुला मी काय सांगणार! मला वाटलं, चार झाल्या, ही पाचवी. खाली बसलो. मागून पुरुष म्हणाले, “सुब्हानल्लाह.” पुन्हा उठलो. पुन्हा टाळ्या, लागोपाठ. मनात म्हटलं, अम्मी, जरा दम धर की गं, मोजू दे मला!

अम्मी माझी चूक दाखवतच नव्हती. अब्बा तिसऱ्या रकातीच्या सजद्यातून उठलेच नव्हते. शेजारच्या शिंपीचाचांना वाटलं, म्हाताऱ्याचा सजदा नेहमीसारखा लांबला.

मी काय केलं? सावकाश चौथी पुरी केली. चूक झाली समजून वरचे दोन सजदेही केले. सलाम फेरून नमाज संपवली, तशी अम्मी गल्लीतून वळसा घालून, अनवाणी, पुरुषांच्या दारातून आत धावत आली. जाळीच्या दाराला कडी आमच्या बाजूनं होती ना. आतून तिला कशी काढता येणार?

त्याच जाळीवरून आपलं बोलणं तुटलं होतं. अब्बा आपल्याला पैगंबरांच्या मशिदीची गोष्ट सांगायचे: वर खजुराच्या फांद्यांचं छप्पर, लोकांना बोलवायला शिंग वाजवावं की घंटा यावर चाललेली चर्चा, मग ठरलेली अजान. पुढे पुरुष, मागे बायका. समितीनं जाळी ठोकली तेव्हा तू भर बैठकीत विचारलंस, “त्या मशिदीत मध्ये जाळी कुठे होती? आणि अम्मीला तोंड नाही का, टाळ्या कसल्या वाजवायला लावता?” मीच तोंड वर करून म्हणालो, “तू नर्स आहेस, नर्सच राहा.” वा रे मी!

डॉक्टर म्हणाले, “लवकर आणायला हवं होतं.” लवकर म्हणजे किती, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तुला विचारतोय. त्या वेळात काही झालं असतं का गं? मला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगू नकोस.

काल मी जाळी उचकटली. अध्यक्ष आले, तणतणले, गेले. पण अम्मी मशिदीत पाऊल टाकत नाही. मला ती एका शब्दानं बोलत नाही, हे फार वाईट आहे आपा, तिनं मला झोडपलं असतं तरी चाललं असतं. ती नुसती म्हणते, “मी ओरडले का नाही रे? नमाज मोडेल म्हणून गप्प राहिले.” जीव वाचवायला नमाज मोडायचीच असते, हे मी मशिदीत येणाऱ्या पोरांना शिकवतो. तिला कधी सांगितलंच नाही. सांगावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

तिला फोन कर. ‘तुझा काही दोष नाही,’ असं तू म्हणालीस तरच तिला पटेल. मी म्हणालो की ती माझ्याकडे नुसती बघत राहते.

तू असतीस तर जाळीतून ओरडली असतीस. माझ्यामागे उभ्या साऱ्या जमातीची नमाज मोडली असतीस. आणि अब्बा तुझ्यावर चिडायला आज घरात असते.

तुझी बोलणी खायला बसलेला,
बारक्या