तीन वेटोळ्यांचा ळ

प्रिय लेकी,

हे पत्र हातात पडताच तुझ्या काळजात धस्स होईल, ठाऊक आहे मला. रोज फोनवर बोलणारी आई पत्र कशाला लिहील? घाबरू नकोस, तुझी भिंगरी धडधाकट आहे, मीही आहे. पण अगं, मी घाबरलेय, आणि तीही भिंगरीपायीच. शाळा सुटलीय. झाडूबादल्यांच्या खोलीत उलट्या बादलीवर बसून लिहितेय. पुस्तकं टाकायला आलेला गाडीवाला तुझ्याच गावावरून जातो, त्याचा चहा संपायच्या आत मला हे संपवायचंय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

मोठ्या बाईंनी यंदा शाळेचं रूपच पालटायचं मनावर घेतलं, हे तुला माहीत आहे. पाचवी ते आठवीची पोरं, घरी आठ-नऊ वेगवेगळ्या भाषा बोलणारी. कुणाच्या डब्याला कुणी नाक मुरडतं, कुणाच्या बोलण्याला कुणी हसतं. म्हणून बाईंनी दर सोमवारी कौतुकाचा तास काढला. गोल बसायचं आणि प्रत्येकानं दुसऱ्याबद्दल एक चांगलं बोलायचं. फाटकापाशी फळा लावला, एकही तक्रार नसलेल्या दिवसांचा. त्यावरचा आकडा रोज सकाळी मी बदलते. आज एक्केचाळीस. आणि नव्या मुलांना सांभाळून घेणाऱ्या पोरांना ‘सोबती’ म्हणून पिवळा बिल्ला. भिंगरीला तो मिळाला तेव्हा तुला सांगताना मी रडले होते, आठवतं? एक मात्र आहे. घरी मी आजी, शाळेत मावशी. इतर पोरं म्हणतात तशी मावशी. हे तिनंच ठरवलं, सहावीत गेल्यावर, झाडूवाली मावशी आपली आजी आहे हे वर्गात कळू नये म्हणून. मला काही वाटलं नाही, असं तुला म्हटलं होतं. खोटं होतं ते. वाटलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या वर्गात एक नवी मुलगी आली. लांबून आलेली, आपली भाषा तोडकीमोडकी बोलणारी, बुजरी. भिंगरीच तिची सोबती. दोघी गळ्यात गळे घालून हिंडायच्या. आपल्या घरीही आली होती, मी तिच्या दोन वेण्या घातल्या. आणि तीन आठवड्यांपूर्वी मुलींच्या स्वच्छतागृहात शेवटच्या दाराला आतून जाड पेनानं लिहिलेलं दिसलं, ‘इथून पळ’. ती पोर लाजून नेहमी त्याच दारात जाते, हे साऱ्या वर्गाला माहीत. मी स्पिरिटचा बोळा फिरवला नि पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पुन्हा तेच. पुन्हा पुसलं. माझं कामच ते, असं मी मनाला सांगायची. पण नुसतं कामच असतं तर बाईंच्या कानावर नसतं का घातलं?

गेल्या गुरुवारी ती मुलगी धीर करून बाईंना दार दाखवायला घेऊन आली. दार लख्ख. पाच मिनिटांपूर्वीच मी पुसलेलं. बाई रागावल्या नाहीत गं, उलट मायेनं जवळ घेऊन म्हणाल्या, नव्या जागी मनाला असे भास होतात. मी बोळा हातात घेऊन तिथंच उभी होते आणि तोंडातून ब्र काढला नाही. ती तक्रार धरलीच नाही कुणी. शुक्रवारी सकाळी मी आकडा बदलला.

तेव्हापासून ती शाळेत पाणीच पीत नव्हती. पाणी नको, म्हणजे तिकडे जायला नको. काल कवायतीत चक्कर येऊन पडली. बाईंनी मला तिच्या उशाशी बसवलं. मी चमच्यानं पाणी पाजत होते आणि ती विचारत होती, त्या सोमवारी आपण काही वाईट बोललो का. कौतुकाच्या तासाला ती भिंगरीबद्दल बोलली होती. हिची आजी फार चांगली, आपली सगळी शाळा तीच धुऊन पुसून ठेवते, मला वेण्याही घालून दिल्या. भाबडं पोर ते. मागून कुणीतरी फिसकन हसलं म्हणे. दुसऱ्याच दिवशी दारावर अक्षरं उमटली. कोण लिहितं, ते तिला अजून कळलेलं नाही. भिंगरी आता आपल्याशी बोलत नाही, एवढंच कळलंय.

मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. ‘पळ’मधल्या ळनं सांगितलं. तू दुसरीत होतीस, फूटपट्टी घेऊन मला पाटीवर अक्षरं शिकवायचीस. ळला वेटोळी दोन, तू तीन शिकवलीस, आणि मीही शहाण्यासारखी तीन घोटली. पुढे चूक कळल्यावर तू पोट धरधरून हसलीस, पण माझा हात काही सुधारला नाही. तूही मला लिहिताना लाडानं तसाच काढत राहिलीस. मग भिंगरीला अक्षरं गिरवायला मीच बसवलं. जगात असा ळ काढणारी माणसं तीनच, आणि तू तर चार तासांवर इस्पितळाचे कपडे धुतेस.

तिचा बिल्ला जाईल, शाळाही जाईल, माझी नोकरी तर जाईलच, हे सगळं मोजून झालंय. पण खरी भीती वेगळीच आहे. काल घरी भिंगरी पोटभर जेवली. पडलेल्या मैत्रिणीचा विषयसुद्धा काढला नाही. मग माझा हात ओढून हुंगला आणि लाडात म्हणाली, आजी, स्पिरिटचा वास जात नाही का गं? तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. मी पुसते हे तिला ठाऊक आहे. मी पुसते म्हणूनच ती लिहिते. मला माझ्याच नातीची भीती वाटली, लेकी. आणि ती अशी झाली यात माझा बोळा होता, याची त्याहून जास्त.

उद्या नऊ वाजता त्या मुलीचे वडील तिचं नाव शाळेतून काढायला येणार आहेत. आज दारावर पुन्हा तेच दोन शब्द आहेत. मी पुसले नाहीत, दाराला बाहेरून कुलूप घातलंय. उद्या बाईंना आणि त्या वडिलांना तिथं नेऊन कुलूप काढीन, अक्षर कुणाचं तेही सांगीन, असं ठरवलंय. पण माझा मलाच भरवसा नाही. किल्ली माझ्याकडे, बोळा माझ्याकडे, आणि सात वाजता शाळा उघडणारी मीच. सकाळी भिंगरी गळ्यात पडली तर मी विरघळेन. फोनवर सांगितलं असतं, तर तू रडून म्हणाली असतीस, आई, एवढ्या वेळी पुसून टाक, आणि मी टाकलं असतं. म्हणून हे कागदावर. पहाटेच्या गाडीनं ये. मी दार उघडलं तर भिंगरीच्या शेजारी उभी राहा, तेव्हा तिला आईच लागेल. आणि दार लख्ख दिसलं, तर हे पत्र बाईंच्या हातात दे. त्या पोरीला यातला कुठलाही एक ळ दाखव. तिला भास झाला नव्हता, एवढं तरी तिला कळू दे.

तुझीच,
किल्ली कमरेला खोचून बसलेली
आई