गव्हानंतरचं दळण

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या नातीनं तुम्हाला फक्त फोटोत पाहिलंय. ती आता नऊ वर्षांची आहे आणि शाळेच्या रांगेत अजून सगळ्यात पुढे उभी असते, कारण रांग उंचीनं लावतात. सहाव्या वर्षी तिला सिलिअ‍ॅक निघाला. गव्हातलं काहीतरी तिच्या आतड्याला सोसत नाही. पोळी, बिस्कीट, रवा, मैदा, सगळं जन्मभर बंद. गिरणीवाल्याच्या नातीला पीठ बाधावं, यावर तुम्ही आधी हसला असतात आणि मग मागच्या दारी जाऊन डोळे पुसले असतेत.

मी मात्र घाबरले नाही. आम्ही भातखाऊ माणसं, आमचं काय अडतंय गव्हावाचून, असं मी डॉक्टरीणबाईंनाच ऐकवलं. घरातला गहू हद्दपार केला, तवा-परात नवी आणली, लग्नाला-हळदीला जाणं सोडलं. तुमचे जावई उरणच्या बंदरात पाळीवर असतात, त्यामुळे पनवेलच्या या तिसऱ्या मजल्यावर बहुतेक दिवस ती आणि मी. शेजारणी आधी चौकशी करायच्या, मग माझी नाटकं म्हणायला लागल्या, मग बोलवायच्याच बंद झाल्या. फार एकटं वाटायचं, बाबा. एवढं करून पोर अंग धरेना. पोट दुखायचं, तोंड यायचं, दोन जिने चढली की मटकन खाली बसायची. पोटात गहू गेला की रक्तातला जो आकडा चढतो, तो दर तपासणीला वरच. "कुठून तरी पोटात जातंय," बाई म्हणाल्या. मी घरी येऊन तिचं दप्तर उलटं केलं. तळाशी बिस्किटांचा रिकामा कागद निघाला. "मैत्रिणीचा आहे गं, मी चित्र चिकटवायला घेतला," ती म्हणाली. मी तिच्या थोबाडीत मारली. तुम्ही मला कधी बोटही लावलं नव्हतंत.

पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, "भाकरीचं पीठ कुठलं वापरता?" माझी मान ताठ झाली. पाकिटातलं पीठ म्हणजे मेलेलं पीठ, हे मी तुमच्याकडूनच ऐकत आलेय. म्हटलं, "गिरणीतलं. स्वतः उभी राहून, डोळ्यांसमोर तांदूळ दळून आणते." त्यांनी विचारलं, "त्याच गिरणीत गहूही दळतात ना?"

हे मला कुणी सांगावं? नेऱ्याच्या आपल्या गिरणीत मी वाढले. गव्हानंतर तांदूळ लावला की पहिली ओंजळ तांबूस उतरते, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. नवरात्राच्या आदल्या दिवशी तुम्ही दळणं थांबवून दगड उघडायचात, कुंचल्यानं झाडायचात, पीठ उतरायची कापडी नळी धुऊन वाळत घालायचात, कारण उपासाच्या पिठात गव्हाचा कण जाता कामा नये. एका वर्षी तुम्ही जेवायला गेला होतात आणि मी, दहा वर्षांची दीडशहाणी, मागच्या आळीतल्या आजींचा राजगिरा न झाडलेल्या गिरणीत ओतून दळून दिलासुद्धा. तुम्ही आलात, ऐकलंत. "जात्यात काय ऱ्हातं ते डोल्यांना दिसत नाय, पोरी," एवढंच म्हणालात. मग भर उन्हात माझा हात धरून त्यांच्या दारात नेलंत. "आजी, त्या पिठाची भाकर करू नको. चूक आमच्या घरची हाय." आजी हसल्या, पण तुम्ही ते पीठ परत आणून गाईला घातलंत आणि गिरणी झाडून आपल्या घरचा राजगिरा त्यांना दळून दिलात. त्याच बापाची लेक मी, जवळपास तीन वर्षं दर आठवड्याला गव्हानंतरचं दळण आणून लेकीला गरम गरम वाढत होते. माझ्या हातची भाकरी आवडते म्हणून ती एक जास्तच खायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर तर मीच.

आता घरघंटी घेतलीय. तीत तांदूळ आणि नाचणी, दुसरं काही जात नाही. पोटदुखी कमी झालीय, पण ती अजून दमते, रक्त अजून कमीच आहे. आतडं सावकाश भरून येईल म्हणतात, उंचीचं मात्र कुणी छातीठोक सांगत नाही. हे सगळं मी तुमच्या जावयांना रडत रडत सांगितलं, आज तुम्हाला लिहितेय, जिथं पोस्टमन पोचत नाही तिथं. तिला नाही सांगितलं. त्या थपडेपासून ती शाळेतून आली की बूट काढायच्या आधी, कुणी न विचारता म्हणते, "आई, आज मी कुणाचं काही खाल्लं नाही." आजही म्हणाली. आणि मी, बाबा, आजही तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हटलं, "शहाणी माझी."