‘कधीच नाही’वर खूण

सोमवार, ४ तारीख

अठ्ठावीस पेशंट, तीन सिस्टर. त्यातली एक पाठदुखीने रजेवर — म्हणजे उरलो मी आणि चिमणी! चिमणी ही आमची नवी सिस्टर. एवढीशी आहे, पण सुई अशी टोचते की पेशंटला कळतही नाही. चहा तीनदा गरम केला, तीनदा गार झाला. शेवटी सात नंबरच्या आजोबांनीच दरडावलं, "आधी चहा घ्या, मग माझं बीपी! तुमची धावपळ बघूनच ते वाढतंय." हसून हसून पोट दुखलं.

मंगळवार, ५

ऑफिसातून कागद आले. आपण किती दमतो, याचे सोळा प्रश्न! घरी चिडचिड होते का, कामावर यावंसं वाटतं का... चिमणी म्हणाली, "ताई, हे वाचायलाच रजा टाकावी लागेल." दुपारची औषधं द्यायची होती. मग काय — तिघींचे कागद मीच भरून टाकले. सगळीकडे ‘कधीच नाही’वर खूण. दोन मिनिटांत काम फत्ते! उगाच रडगाणं कशाला गायचं?

बुधवार, ६

भाजी करपली. वर मीच सगळ्यांवर डाफरले. ताटावर बसल्या बसल्या डोळा लागला.

सोमवार, ११

आमचा वॉर्ड पहिला! सगळ्यात कमी दमलेला!! मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. मी अशी फुलले की विचारू नका.

गुरुवार, १४

घात झाला. मेट्रनबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे ताण नाहीच, तर चिमणीला एक तारखेपासून वरच्या मजल्यावर पाठवते." म्हणजे अठ्ठावीस जणांना दोघीच, त्यात एकीची पाठ गेलेली! चिमणी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, मला एकदा विचारायचं तरी." मेले मी! स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

नवरा म्हणाला, "अगं, मग जाऊन खरं सांग ना." त्याला बोलायला काय जातंय! बावीस वर्षांत "मला झेपत नाही" हे तोंडातून कधी निघालेलं नाही.

शुक्रवार, १५

मेट्रनबाईंना सांगितलं, ते कागद खोटे होते. त्या भडकल्या, पण तीन कोरे कागद दिले. दोन वाटून आले. तिसऱ्यावर पहिल्याच प्रश्नाला पेन अडलंय. म्हणून आधी इथे लिहून बघते —

मी दमले आहे.

आलं की गं लिहिता!