पंचवीस किलोची अट

आई, वैतागून लिहायला बसले आहे, कारण ज्यांच्यावर वैतागायचं त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी वारज्यातल्या एका कंपनीत नोकरभरतीचं काम पाहते. सध्या स्टोअरकीपरची एक जागा निघाली आहे आणि पॅकिंगमधल्या एका बाईंनी अर्ज केला आहे. अकरा वर्षं त्या इथे आहेत. कुठला माल कुठल्या रॅकवर आहे हे संगणकाआधी त्या सांगतात. पण अट अशी, की पंचवीस किलोचं खोकं खांद्यावर घेऊन वीस पावलं चालून दाखवायचं. काल त्यांचं खोकं कमरेच्या वर गेलं नाही. ज्याला चार महिन्यांत मालाची नावं पाठ झाली नाहीत, असा एक गडी मात्र झोकात चालून पास झाला.

साहेब म्हणाले, "मॅडम, नियम सगळ्यांना सारखा. बायका नकोत असं कुठं लिहिलंय का?" लिहिलेलं नाही, हेच तर दुखणं! या जागेवर आजवर एकही बाई आलेली नाही. आणि स्टोअरकीपर दिवसभरात उचलतो काय, तर स्कॅनर आणि चहाचा कप. खोकी ट्रॉलीवरून जातात. कंपनीच्या वकीलबाईंनी प्रशिक्षणात बजावलं होतं, की अट वरून कितीही सारखी दिसो, तिचा फटका एकाच गटाला बसत असेल आणि कामाला तिची गरज नसेल, तर तो भेदभावच, कायद्यालाही मान्य नसलेला. साहेब तेव्हा पहिल्या रांगेत बसून माना डोलावत होते. मानेला काय, व्यायाम झाला. चाचणीनंतर बाईंनी मला एवढंच विचारलं, "मॅडम, ट्रॉली बंद होणारे का?" मी फाईल चाळत राहिले.

मला तुझी लोणी काळभोरची कोठी आठवली. कॉलेजच्या मेसमधली, जिरं आणि बारदानाच्या वासाची. मी शाळेतून थेट तिथे यायचे. दारात तांदळाचं पोतं पडलंय, तू त्याची शिवण उसवते आहेस, दोन बादल्या भरून आत नेते आहेस, परत येते आहेस. मेसचे मॅनेजर दारात उभे. "बाई, पोतं उचलत नाही तर कोठी कशी सांभाळणार?" तू बादली खाली न ठेवताच म्हणतेस, "तांदूळ आत न्यायचाय ना सायेब? पोतं कुठं न्यायचंय?" ते गेल्यावर मी तुला मदत म्हणून दुसरं पोतं ओढायला गेले, ते फाटलं आणि तांदूळ फरशीभर झाला. तू माझ्यावर ओरडलीस, "ताकद कुणाला दाखवायची हाय गं तुला? काम बघ आधी!" मी रडत तांदूळ गोळा केला. किती राग आला होता तुझा. आज तेच वाक्य साहेबांना ऐकवावंसं वाटतं आणि घशात अडकतं.

का अडकतं, ते सांगते. चार वर्षांपूर्वी स्टोअरकीपरच्या जाहिरातीचा मसुदा मीच केला. घाई होती, म्हणून माल उतरवणाऱ्या हमालांचा जुना मसुदा उघडला, वरचं पद बदललं आणि खालच्या अटी तशाच राहू दिल्या. साहेबांना ती अट नंतर सोयीची वाटली, पण घातली मी. परवा निवडीची यादी जायची आहे. साहेबांना द्यायची टिप्पणी मी लिहून ठेवली आहे. त्यात कायदा आहे, ट्रॉली आहे, बाईंची अकरा वर्षं आहेत. फक्त ही अट कुणाच्या हातून आली, ते नाही. साहेब पहिला प्रश्न तोच विचारतील, म्हणून ती टिप्पणी कालपासून टेबलावरच पडून आहे, आत्ता या पत्राखाली. तुला सगळं सांगून टाकलं, आई, कारण तू मला काही विचारणार नाहीस.