तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग

प्रिय मिठू,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. ताईचं पत्र आलं म्हणजे एक तर कुणी गेलं, नाही तर आमच्या नर्सेसच्या युनियनचा संप आहे, असंच तुझ्या मनात येणार. दोन्ही नाही. तू फोन उचलत नाहीस. उचललास तर 'डोकं दुखतंय गं, नंतर करते' म्हणतेस आणि ते नंतर काही येत नाही. फोन मध्येच ठेवता येतो. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस थोडं वाचतंच, म्हणून लिहायला बसले. आणि हे मी स्वतः बघून लिहिलेलं आहे, शेजारणीला सांगून नव्हे. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला. साखर एकदाची खाली आली, डॉक्टरीणबाईंचं समाधान झालं. पट्टी निघाली आणि घरी आल्यावर सगळ्यांत आधी काय दिसलं असेल, तर स्वयंपाकघरातली भिंत. अगं, किती कळकट! वर्षभर मी समजत होते की तिचा रंगच पिवळा आहे.

त्या वर्षात मी काय झाले होते, ते तुझ्याइतकं कुणी पाहिलं नाही. जिनं आयुष्यभर रोज काहीतरी वाचल्याशिवाय पाठ टेकली नाही, तिला औषधाच्या बाटलीवरचं नाव दिसेना. तू म्हणालीस, ताई, मालिका बघू या. मी तुला तिथल्या तिथे व्याख्यान दिलं. मालिका म्हणजे माणसाला सोफ्यावर बांधून ठेवण्याचा कारखाना आहे, ज्याला रस्त्यावर उतरायचं तो रिमोट शोधत बसतो, वगैरे. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, 'एक भाग ऐक, मग पोटभर शिव्या दे.' मी ऐकला. आणि दुसऱ्या दिवशी तुला मीच फोन केला.

परक्या भाषेतली ती मालिका. तिचं नाव आपल्या दोघींच्या जिभेवर बसेना, म्हणून आपण तिला नुसतं 'बंदर' म्हणायचो. माणसांनाही आपणच नावं दिली. महापौरबाई, कंपनीचा दाढीवाला आणि सारख्या फायली उचलणारी ती कारकूनबाई. खातं तुझं, घरं दोन. फोन कानाशी, 'तीन म्हटलं की दाब' आणि दोघींच्या पडद्यांवर भाग एकदम सुरू. माझ्या पडद्यावर नुसते रंगाचे डाग हलायचे, कानावर ती अगम्य भाषा पडायची, आणि त्यावरून तुझा आवाज, पडद्याखालच्या भाषांतराच्या ओळी वाचणारा. दाढीवाल्याचं वाचताना तू घसा खरवडून आवाज काढायचीस. एकदा त्यालाच खोकला झाला तेव्हा तू खोकलीसुद्धा होतीस.

मी तुला तेव्हाही टोचलंच. कोर्टात तू लघुलेखिका. वकील बोलला, साक्षीदार बोलला, न्यायाधीश बोलले, की ते जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. निवृत्त होईपर्यंत स्वतःचा एक स्वल्पविराम घातला नाहीस, असं मी लोकांना मोठ्या अभिमानानं सांगायची. लहानपणी जो जे बोलेल ते तू परत म्हणायचीस, म्हणून आईनं तुझं नाव मिठू ठेवलं. मी म्हणाले, 'मिठू, कोर्टातल्यासारखं वाच हं. पदरचं घालू नकोस.' तू हसलीस. 

भाग संपला की मतं. आपली मतं म्हणजे काय, माझं तासभर आणि तुझं मिनिटभर. 'तुला काय वाटलं?' असं विचारून उत्तरही मीच द्यायची. कंपनी बंदर बंद करायला निघालीय, महापौरबाई एकटी लढतेय, तिची ती भाषणं! मी दारं वाजतील अशा आवाजात तुला समजावून सांगायची की हाच खरा संघर्ष, बाकी सगळी फोडणी. तू एवढंच म्हणायचीस, 'मला ती कारकूनबाई आवडते.' मी म्हणायची, 'तिच्यात काय आवडायचंय? तिला धड संवाद नाहीत.' 'म्हणूनच,' म्हणायचीस. मला वाटायचं, कोर्टात बसून बसून हिची नजरही टेबलाच्या उंचीचीच राहिली. हे वाक्य मी तुला ऐकवलंही होतं, एकदा. आठवत असेल तर विसर. मला आठवतंय तेवढं पुरे.

दुसरा सीझन संपला, बंदर वाचलं, महापौरबाईला लोकांनी खांद्यावर घेतलं, आणि मी माझ्या बैठकीच्या खोलीत उभी राहून टाळ्या वाजवल्या. तू फोन ठेवलास. दोन दिवसांनी म्हणालीस, 'ताई, तिसरा सीझन आलाय. पण आता नियम बदललाय, एक खातं एकाच घरात चालतं. तुझ्याकडे दिसणार नाही. मी बघत जाईन आणि तुला सांगत जाईन. चालेल?' मी त्या नियमाविरुद्ध बोलायला सुरुवात केली. मालकाला दोन बहिणींनी मिळून एक गोष्ट बघितलेलीही खपत नाही, हे कसलं जग! तू थांबलीस, आणि म्हणालीस, 'झालं? ऐकणार आहेस का आता?'

मग तू सांगत गेलीस. महापौरबाईच्या घशाला आजार होतो आणि डॉक्टर तिला बोलायची बंदी करतात. मी भडकले. एवढ्या मोठ्या बाईचा आवाज काढून घेतला म्हणजे गोष्टीचा जीव काढून घेतला. मग एक अख्खा भाग त्या कारकूनबाईचा. ती निवृत्त झालीय. तिची खोली, खिडकी, झाकणाला सुतळी बांधलेली किटली. सकाळी उठून ती समुद्रावर जाते, गार पाण्यात पोहायला शिकते, काठावरच्या बायका हसतात. पहिल्या दिवशी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग एक दिवस पाय टेकत नाहीत. हे तू इतकं हळू सांगितलंस की मी दोनदा 'पुढे, पुढे' म्हणाले. तू म्हणालीस, 'ताई, मध्ये मध्ये हूं तरी म्हणत जा गं. ऐकतेयस की नाही तेच कळत नाही.' मी हूं म्हटलं नाही. मी मत दिलं. म्हटलं, लेखक बदललेला दिसतोय. पहिला हाकलला असणार आणि त्याच्या जागी कुणाचा तरी रिकामटेकडा मेव्हणा बसवलाय. बाई पोहते, चहा पिते, खिडकीत बसते, ह्याला काय मालिका म्हणायचं? तू विचारलंस, 'अगदीच वाईट आहे का?' मी म्हटलं, 'वाईट? अगं, हिला पाठीचा कणाच नाही.'  मग तू विचारलंस, 'पुढचं सांगू का?' मी म्हणाले, 'सांग. सुरुवात केलीच आहेस तर.'

शेवटच्या आधीचा भाग मला शब्दन् शब्द आठवतो. कारकूनबाईनं गाव सोडायचं ठरवलंय. पलीकडच्या बेटावर एक छोटं घर बघितलंय. कुणालाच सांगितलेलं नाही, फक्त महापौरबाईला सांगायचंय. ती सांगायला जाते तर महापौरबाईकडे माणसं बसलेली. पुन्हा जाते, पुन्हा माणसं. घशाला बंदी असली तरी बाई पाटीवर लिहून लिहून सगळ्यांना हुकूम सोडतेय. कारकूनबाई दारातूनच परत फिरते. आणि मग ती धक्क्यावर उभी आहे, हातात पिशवी, बोटीचा भोंगा झालाय. इथे तू थांबलीस. म्हणालीस, 'शेवटचा भाग उद्या. तुला काय वाटतं ताई, महापौरबाई येईल का धक्क्यावर?'

मी काय बोलले ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण बोललेलं वाऱ्यावर जातं असं म्हणायला मला आता तोंड नाही. म्हणाले, 'ती कशाला मरायला येतेय? तिला गाव सांभाळायचंय. एक कारकून गेली काय नि राहिली काय, फायली उचलायला दुसरी मिळेल.' तू म्हणालीस, 'बरं.' एवढंच. तो उद्या आलाच नाही. आधी तुझं नेट बंद होतं, मग डोकं दुखायला लागलं.

आता इकडची बातमी. युनियनच्या जुन्या खोलीत आम्ही निवृत्त मंडळी रविवारी जमतो. पूर्वी पत्रकं लिहायचो, आता कुणी काय बघितलं त्यावर भांडतो. डोळा बरा झाल्यावर मी पहिल्यांदाच गेले, तर विषय 'बंदर'चाच. मला काय, म्हाताऱ्या घोड्याला तुतारी ऐकू आल्यासारखं झालं. उभी राहिले आणि तिसऱ्या सीझनवर तुटून पडले. लढ्याची गोष्ट कशी किटलीत बुडवली, लोकांचा आवाज कसा दाबला, कारकुनाला नायिका करून काय साधलं. खूप दिवसांनी आवाज लागला होता. टाळी घेण्यासाठी थांबले तर सगळे एकमेकांकडे बघतायत. आमचे खजिनदार, गरीब माणूस, चष्मा पुसत म्हणाले, 'बाई, रागावू नका, पण तिसरा सीझन आलाच नाही. दुसऱ्यानंतर ती मालिका बंद पडली.' मी त्यांनाच झापलं! म्हटलं, तुम्हाला पत्ता नसेल, माझ्या बहिणीनं मला अख्खा सांगितलाय. मागून कुणीतरी फिसकन हसलं. खजिनदार हसले नाहीत. त्यांनी फोन काढून माझ्यापुढे धरला. नव्या डोळ्यानं मी ती सीझनची यादी वाचली. दोनच. मी खाली बसले. माझ्या उभ्या आयुष्यात मी भाषण अर्धं सोडून बसल्याचं त्या खोलीनं पहिल्यांदा पाहिलं.

घरी येऊन दोन्ही सीझन पहिल्यापासून बघितले, तुझ्याच खात्यावर (तो एका घराचा नियमही तुझाच निघाला), खालच्या ओळी स्वतः वाचत. महापौरबाई ठीक आहे. जरा जास्तच बोलते. कारकूनबाई फायली आणते, दार लावते, जाते. दुसऱ्या सीझनमध्ये एकदा, महापौरबाईचं मोठं भाषण चाललेलं असताना, ती मागे खिडकीशी उभी राहून समुद्राकडे बघते. संपलं. तिचं एवढंच आहे, मिठू. त्या एवढ्याशा बघण्यातून तू समुद्र काढलास, गार पाणी काढलंस, पाय न टेकण्याची ती सकाळ काढलीस. आणि सुतळीची किटली! तिच्या झाकणानं माझं बोट भाजलंय, तुझ्याच ओट्यावर. मी ती ऐकली आणि ओळखली नाही. आयुष्यभर इतकी पुस्तकं वाचली, पण माझी बहीण मला गोष्ट सांगतेय हे मला कळलं नाही. मी आपली रिकामटेकड्या मेव्हण्याला शिव्या देत बसले.

तो सीझन चांगला होता. हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही, तुला माहीत आहे मला ते जमत नाही. महापौरबाईचा आवाज जातो तो भाग मी तेव्हा सगळ्यांत जास्त झोडला, आणि आता रोज तोच आठवतो. तिला एकदा तरी कुणाचं तरी ऐकून घ्यायला लागावं, म्हणून गेला ना तो?

काल फोनमधले जुने निरोप चाळत होते. वर्षभर ते यंत्राच्या आवाजात ऐकले होते, जसे बँकेचे तसेच तुझे. त्यात तुझा एक आहे, आपलं बोलणं बंद झाल्यानंतरचा. 'ताई, घर बदलतेय. जरा लांब जातेय, समुद्राजवळ. निघण्याआधी सांगेन.' त्यावर मी अंगठ्याचं चित्र पाठवलंय. नुसता अंगठा. तू त्याआधी किती वेळा माझ्या दारापर्यंत येऊन परत फिरलीस, आणि तेव्हा माझ्याकडे कोण माणसं बसली होती, ते आठवायचा प्रयत्न करतेय. तू कधी निघणार आहेस हे मला माहीत नाही. जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. आजवर मी तुला पुष्कळ गोष्टी सांगितल्या, आता ही एक नको. मला फक्त शेवटचा भाग हवाय. रविवारी पहिल्या गाडीनं येते. युनियनवाल्यांना कळवलंय की बाई येणार नाहीत. तुझं सामान बांधून झालं असेल तर खोक्यावर बसेन. किटली तेवढी बाहेर ठेव. मत देणार नाही, मध्ये बोलणार नाही, तू म्हणशील तिथे हूं म्हणेन. धक्क्यावर कारकूनबाई उभी आहे. हातात पिशवी. बोटीचा भोंगा झालाय. हूं. मग?

तुझं ऐकायला निघालेली,
तुझीच ताई