आत्याच्या खोलीतला हीट पंप

७ मार्च

मास्तरांची डावी भुवई गेली!

गॅसचा गीझर पेटवत होते. रोजचंच काम. काडी ओढायची, खटका फिरवायचा, तोंड बाजूला घ्यायचं. आज तोंड बाजूला घ्यायला विसरले. फट्ट! मी स्वयंपाकघरातून धावले. डोळा शाबूत, कातडी जराशी लाल, आणि डोळ्याच्या वर — काहीच नाही. मोकळं मैदान. आधी रडू आलं, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवते मी, पण माणसाच्या तोंडावर भुवईला एवढं काम असतं हे आज कळलं. नवरा रागावलाय की विचारात पडलाय, काही समजेना.

आत्या दारातून म्हणाली, "जावईबापू, दुसरीही काढून टाका. जोड तरी जुळेल."

८ मार्च

पेन्सिलीने भुवई काढून देऊन मास्तरांना शाळेत धाडलं. संध्याकाळी आले ते भुवई कपाळभर घेऊन. घाम पुसला म्हणे! भूगोलाच्या तासाला कुणीतरी फळ्यावर लिहिलं होतं — "नदीने पात्र बदलले."

११ मार्च

मास्तरांनी जाहीर केलं : या घरात आता पाण्यासाठी काडी ओढायची नाही. हीट पंप बसवायचा. तो हवेतली ऊब ओढतो आणि पाण्याला देतो. वीज थोडीशीच लागते. मी म्हटलं, कुठली ऊब? मी इथे स्वेटर घालून बसलेय.

"असते गं! तुला जाणवत नाही एवढंच."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य विज्ञानाबद्दल पहिल्यांदाच ऐकलं.

१३ मार्च

प्लंबर येऊन गेला. न्हाणीघर बघितलं — "मावायचं नाही." स्वयंपाकघर बघितलं — "मावेल, पण मग तुम्ही नाही मावणार." यंत्र माणसाएवढं उंच असतं आणि भोवती हवा खेळती लागते. सगळं घर फिरून शेवटी मागच्या खोलीत येऊन थांबला. आत्याच्या खोलीत. आत्या पलंगावर बसून लोकर गुंडाळत होती. त्याने कोपऱ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"इथे बसेल. पण गार वारा सोडतं हां. फ्रिजच समजा, उलटा घातलेला."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी मास्तरांकडे बघितलं. आणि दोघांनी लगेच नजर फिरवली.

लिहायला लाज वाटते, पण इथे नाही तर कुठे लिहू? आत्या जानेवारीत आली, "चार दिवस राहते" म्हणून. आतोबांशी भांडून. कारण काय, तर ती झोपली असताना त्यांनी पंखा बंद केला! त्यांना बारा महिने थंडी वाजते, हिला बारा महिने उकडतं. चाळीस वर्षं त्या पंख्याचं बटण दोघांत वर-खाली होत होतं. आता मार्च निम्मा होत आला. आई गेल्यावर मला आत्यानेच वाढवलं, त्यांच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात. तिला "जा" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण गार वारा म्हणाला तर...? यंत्रच ते. यंत्राला कोण काय बोलणार?

१९ मार्च

यंत्र आलं! आमचा पहिला मजला, म्हटलं चुटकीसरशी होईल. कसलं काय! जिन्याच्या वळणावर असं अडकलं की समोरच्या कर्नलांचं दार उघडेना. (कर्नल म्हणजे फक्त मिशा. नोकरी पोस्टात केली.) आतून दार वीतभर उघडून हुकूम सुरू — "डावीकडे! अहो, माझ्या डावीकडे!" हमाल त्यांच्या डावीकडे, मास्तर स्वतःच्या डावीकडे. यंत्र जागच्या जागी. मग हमाल चक्क जेवायला निघून गेले. कर्नल दुपारभर घरात कोंडलेले. आत्याने फटीतून त्यांना सॅंडविच दिलं, वर्तमानपत्र दिलं, शेवटी स्वतः स्टूल घेऊन बाहेर बसली आणि दाराच्या फटीतून पत्ते खेळली. हरली तेव्हा दार लोटून घेतलं.

संध्याकाळी प्लंबर आला, कठड्याचा वरचा दांडा काढला, आणि यंत्र सरळ आत गेलं. कर्नल बाहेर आले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते म्हणाले, "मोहीम फत्ते."

२० मार्च

टाकी पहिल्यांदा तापायला कित्येक तास लागतात. मास्तरांनी हे माहितीपत्रक आंघोळीनंतर वाचलं. त्यांची किंकाळी गल्लीच्या टोकाला पोचली असेल.

२१ मार्च

आज मात्र काय पाणी! कढत! ना फट्ट, ना वास, ना धूर. मागच्या खोलीतून नुसती घुंऽऽ. मास्तर एवढे खूश की मीटरसमोर खुर्ची टाकून बसलेत. चाक हळू फिरतंय म्हणे. नवऱ्याला इतक्या प्रेमाने कशाकडे बघताना मी पाहिलं नव्हतं. भुवईच्या जागी खुंट आलेत.

२४ मार्च

मागची खोली गारठली. आत शिरलं की अंगावर काटा. मी अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "आत्या, तुला त्रास होत असेल ना गं?" मास्तर दाराआड कान लावून.

आत्या पलंगावर हातपाय पसरून पडली होती. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असा काही आनंद की मला ती कुणी दुसरीच वाटली.

"पोरी, चाळीस वर्षांत मी अशी झोपले नाही. हे यंत्र माझ्यासाठी बसवलंत ना? बोलू नको काही. कळतं मला."

आणि तिने माझा हात हातात घेतला! दाराआडून मास्तरांचा उसासा ऐकू आला. घुंऽऽ आवाजातसुद्धा.

२ एप्रिल

आतोबांचा फोन. आत्या घेत नाही, म्हणून मधल्यामध्ये मी.

"तिला सांग, मी खिडकी उघडलीय."

मी आत जाऊन सांगितलं. आत्या म्हणाली, "किती ते विचार."

"बोटभर."

"कुठल्या बोटाएवढी? लांबीने की जाडीने?"

मी पुन्हा फोनवर. आतोबा हळूच म्हणाले, "...जाडीने."

आत्याने लोकर उचलली. "ठेव फोन."

४ एप्रिल

आतोबा वीतभरावर आलेत. आत्या म्हणाली, "बघू."

१२ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. दुकानात लोक चष्मा बघायला नाही, पंख्याखाली उभं राहायला येतात. आणि आमच्या घरी? आत्याने साऱ्या बिल्डिंगला सांगितलंय! दुपारी येऊन बघते तर मागच्या खोलीत वरच्या मजल्यावरच्या दोघी विणकाम घेऊन, कर्नल पत्ते घेऊन, आणि तळमजल्यावरची शिंपीण शिवणयंत्रासकट! ते तिने वर आणलं कसं? सगळे पलंगावर ओळीने. यंत्रातून ठिबकणारं पाणी ज्या बादलीत पडतं, त्यात कुणीतरी कलिंगड ठेवलंय. मी आत डोकावले तर कर्नल म्हणाले, "दार लावा, दार! गारवा जातोय."

माझ्याच घरात मला!

१५ एप्रिल

आज बोलले. बोलायला नको होतं.

दुकानातून डोकं उठवून आले होते. चप्पल काढायला जागा नाही, इतक्या चपला. सगळे गेल्यावर माझ्या तोंडून निघालं, "आत्या, तू घरी कधी जाणार आहेस?"

आत्या पलंगाखालची बॅग ओढून कपडे भरायला लागली. सगळ्या घड्या एकसारख्या. लहानपणी माझ्या गणवेशाची घालायची तश्शी. मी तिच्या हातातून कपडे काढून घेतले. तिने परत घेतले. मी परत काढले. एक बाही उसवली.

मग ती बॅगेवरच बसली. "मला तिथे गुदमरतं गं. खरंच गुदमरतं. आणि त्याला थंडी वाजते, तेही खरंच. कुणीतरी खोटं बोलत असतं ना, तर भांडण केव्हाच मिटलं असतं."

बाही मी शिवली. वाकडी.

१८ एप्रिल

परवापासून आतोबांचा फोन नाही. आत्याने विचारलं नाही, पण फोन तिच्या उशाशी होता. आज रजा टाकून मीच गेले. पाच मजले. जिना चढताना वाईट काय काय मनात आलं, ते लिहीत नाही.

दार ढकललं तर वारा अंगावर आला. घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या! पडदे छतापर्यंत उडतायत, कॅलेंडर फडफडतंय, आणि मधोमध आतोबा — अंगात दोन स्वेटर, गळ्यात मफलर, मांडीवर रजई. नाक टोमॅटोसारखं.

"अहो आतोबा, हे काय?"

"सराव करतोय." शिंक. "ती आली आणि मी शिंकलो, तर पुन्हा जायची. म्हणून आधीच सवय." शिंक. "गुरुवारपर्यंत जमेल असं वाटत होतं."

गुडघे सुजलेले. खाली उतरणं बंद, म्हणून फोनमध्ये पैसे भरले नव्हते. शेजारीण ब्रेड आणून देते. अंगात कणकण. मी खिडक्या लावायला गेले तर म्हणाले, "नको, नको! एकदा लावली की मला उघडवत नाही."

मी नुसती त्यांच्या शेजारी बसले, रजईचं एक टोक घेऊन.

मास्तरांना बोलावलं. दोघांनी धरून, पायरीपायरीला शिंका ऐकत, त्यांना खाली आणलं आणि टॅक्सीने घरी.

आत्या दारात. वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय हा अवतार!" आवाज मात्र फाटला मधेच. ते काही बोलणार, तेवढ्यात शिंक आली. त्यांनी ती धरून ठेवली. डोळे बाहेर यायची वेळ आली तरी सोडली नाही!

"शिंका हो," आत्या म्हणाली. "मी कुठे चाललेय?"

मग त्यांना आधी न्हाणीघरात नेलं. किती वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग गुणगुणणं. मग चक्क गाणं! यंत्र मागच्या खोलीत घुंऽऽ करतंय, आत्या त्याच्यासमोर बसलीय, आणि हे इकडे वाफेत गातायत. टाकी संपेपर्यंत बाहेर आले नाहीत. आले ते गुलाबी होऊन.

"इतकी ऊब मला लग्नातसुद्धा..." म्हणाले, आणि आत्याचा चेहरा बघून थांबले.

२६ एप्रिल

आता असं आहे : आत्या मागच्या गार खोलीत, आतोबा पुढच्या उबदार खोलीत, मधलं दार उघडं. पलंगांवरून गप्पा चालतात, ओरडून. "झोपलात का?" "हो!" "मीही!" ताप गेला. पाच मजल्यांची चढउतार नाही म्हणून गुडघ्यांची सूज उतरली. कर्नल आतोबांना पत्त्यांत हरवतात, आतोबा मागच्या खोलीत पाच मिनिटं बसायला शिकलेत, दोन स्वेटरात. आत्या त्यांना तिसरा विणतेय.

मी आणि मास्तर स्वयंपाकघरात झोपतो. मास्तरांचे पाय टेबलाखाली. पहाटे वळायला गेले आणि कपाळ आपटलं. भुवई वाचली.

१ मे

सामान हललं. आमचं!

सकाळी चहा घेताना आत्याने पाचव्या मजल्याच्या किल्ल्या माझ्यापुढे सरकवल्या. "तुमचे गुडघे चांगले आहेत," म्हणाली. बस्स, एवढंच.

आत्ता आम्ही दोघं माझ्या लहानपणीच्या खोलीत, बॅगांवर बसलोय. मास्तर विचारतायत, "म्हणजे मी आता घरजावई झालो का?"

हो म्हटलं. फक्त सासर आपल्या घरी राहायला गेलंय.