हाफिजसाब आणि वालूरचा कोंबडा

आबा,

काल माझ्या घराची खालची खोली भाड्यानं घ्यायला एक जोडपं आलं होतं. तेव्हा तुम्ही कोंबडा काखेत धरून पाथरीला एसटीतून उतरलात तो दिवस आठवला. मला तिथल्या शाळेत नोकरी लागून महिना होत आला होता आणि राहायला जागा मिळत नव्हती. जिथं जावं तिथं आडनाव सांगितलं की खोली भरलेली निघायची. शेवटची आशा मशिदीमागच्या हाफिजसाबांच्या खोलीची. ती नाही मिळाली तर नोकरी सोडून वालूरला परत यायचं ठरलं होतं. तुम्ही म्हणालात, "रिकाम्या हातानं जायचं न्हाई. आधी त्यायला जेवायला घालू, मग इचारू."

तुमची मुसलमानांशी ओळख म्हणजे गावचा मुलाणी. बकरं-कोंबडं हलाल करून द्यायचा, आपला वाटा घेऊन जायचा. त्यामुळे दाढी आणि पांढरी टोपी दिसली की तुमच्या लेखी तो मुलाणीच. मशिदीमागच्या त्या घराच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ जपमाळ ओढत बसले होते. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही कोंबडा त्यांच्या मांडीवर ठेवलात. "मुलाणी, एवढं कापून द्या. घरमालक लय मोठा माणूस हाय म्हणतेत, त्यायला खूश करायचंय. मुंडी अन् पाय तुमचे." मी तुमची बाही ओढतेय आणि तुम्ही म्हणताय, "थांब की बाई, बोलायलोय ना."

म्हाताऱ्यांनी एवढंच विचारलं, "इसको पानी पिलाये क्या?" तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. त्यांनी वाटीतून कोंबड्याला पाणी पाजलं, बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली, हात धुतले आणि म्हणाले, "घरमालक मीच." तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मुंडी अन् पाय नक्की ना, भाऊ?"

ते मात्र रागावले नाहीत. शांतपणे समजावू लागले. मुलाणी गावाचं काम करतो, मला कुराण तोंडपाठ आहे म्हणून मी हाफिज. कोंबडं कुठलाही मुसलमान कापू शकतो. तुम्ही सावरायला गेलात, "म्हंजे तुमी मक्केला जाऊन आलात." "तो हाजी. तिथं जायला पैसे लागतात. पाठांतर फुकट होतं." मग तुम्ही त्यांना जेवायचा आग्रह सुरू केलात, तर कळलं की रमजान चालू आहे आणि त्यांचा रोजा आहे. "मग चहा तरी." "पाणीपण नाही." ते म्हणाले, तुमच्यावर रोजा फर्ज नाही, तुम्ही खाऊन घ्या. "फर्ज म्हंजे?" "करायलाच पाहिजे असं." तुम्ही ओट्यावर मांडी ठोकलीत. "मग खोली मिळंपर्यंत उपाशी ऱ्हाणं आमच्यावर फर्ज हाय."

आम्ही बसलो. तुम्ही दर थोड्या वेळानं उठून सूर्य कुठवर आला ते बघून यायचात आणि त्याच्यावर चिडायचात. इतका हळू तो वालूरला कधी गेला नव्हता, असं तुमचं म्हणणं. शेवटी सूर्य मावळला, मशिदीत बांग झाली, रोजा सोडायला सगळ्यांच्या हातात खजूर आले. तुम्ही खजूर तसाच धरून म्हणालात, "आमचं आडनाव इचारलं न्हाई तुमी." हाफिजसाब म्हणाले, "बेटीला आधी पाणी द्या. सकाळपासून घेतलं नाही तिनं. सामान उद्या आणलं तरी चालेल." निघताना तुम्ही सवयीनं जयभीम म्हणालात आणि त्यांनीही जयभीम केला. मुंडी आणि पाय त्यांच्या बायकोनं, अम्मांनी, खरोखर ठेवून घेतले.

त्यानंतर वालूरच्या पारावर तुम्ही हाफिज, हाजी, रोजा, फर्ज सगळ्यांना समजावून सांगायचात, बरंचसं चुकीचं. गावचा मुलाणीसुद्धा ऐकत बसायचा.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, कपाटातच राहील. एक सांगते. कालचं जोडपं दारात उभं राहिलं, तेव्हा माझ्या ओठांवर पहिला प्रश्न आडनावाचाच आला होता. मी आत जाऊन पाणी घेऊन आले. त्यांचं पिऊन होईपर्यंत तो प्रश्न कसाबसा गिळला.